अस्वादव्रत आणि गोरसपाक : वर्ध्यातल्या खाण्याच्या जागांचा एक इतिहास

२०२३च्या फेब्रुवारीत शहाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनाचा मांडवही याच गावात पडला होता. दोन मांडवांतल्या व्याख्यानांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी परगावाहून आलेल्या मित्रांचा आम्हांला पडणारा प्रश्न दोन्हीकडे एकच होता : इथे खायला चांगले कुठे मिळते? नागपूरकराला हा प्रश्न विचारला तर तो सावजीचा पत्ता सांगून मोकळा होतो. पुणेकर तर उत्तर देण्यापूर्वी प्रश्नकर्त्याची परीक्षा घेतो. आम्ही मात्र थोडे घुटमळून ‘गोरस भांडार’ असे उत्तर दिले आणि ते देताना त्यातली विसंगती आमच्याच ध्यानात आली. ज्या गावाने अस्वाद हे व्रत म्हणून देशापुढे ठेवले, त्या गावाची पाहुण्याला सांगण्याजोगी ओळख म्हणजे तुपातला एक गोड पदार्थ असावा, हे गमतीचे आहे. आणि ही गंमत थोडी खोदून पाहिली तर तिच्याखाली बराच इतिहास निघतो. मराठीच्या अभ्यासकांनी तो पाहावा असे आम्हांला वाटते, कारण आपल्या समीक्षेचा एक मुख्य शब्द ‘आस्वाद’ हा आहे. सेवाग्रामचा ‘अस्वाद’ आणि आपला ‘आस्वाद’ यांत फरक एका कान्याचा.

खाण्याची जागा हा आपल्याकडे चवीचा विषय होण्याआधी पंक्तीचा विषय होता. मराठी गद्याच्या आरंभापासूनच हे दिसते. वर्ध्याहून फार दूर नसलेल्या ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभू कोणाच्याही घरी जात, कोणाच्याही हातचे खात. महार-मातंगांच्या वस्तीत त्यांचा वावर असे आणि गावातल्या प्रतिष्ठितांना त्याचा संताप येई. म्हाइंभटाने त्या आठवणी नोंदवल्या त्या एका अवलिया पुरुषाच्या लीळा म्हणून. परंतु आज त्या वाचताना जाणवते की कोण कोणाच्या ताटातले खातो, हा प्रश्न मराठी गद्याने जन्मतःच हाताळलेला आहे. लीळाचरित्रातही पदार्थांचे उल्लेख विपुल आहेत, आणि ते केवळ वर्णनाच्या सोसाने आलेले नाहीत. कोणी दिले, कोणी घेतले, कोणी नाकारले, हे प्रत्येक वेळी तिथे महत्त्वाचे असते.

पैसे देऊन खाण्याची सार्वजनिक जागा आली ती बरीच उशिरा, आणि तीही पंक्तिभेद बरोबर घेऊनच आली. ब्राह्मणांची खाणावळ वेगळी, मराठा खाणावळ वेगळी, आणि अस्पृश्यांसाठी दाराबाहेरचा वेगळा कप. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात हॉटेल ही सुधारणेची जागा कशी ठरली, याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले आणि राजर्षी शाहू स्वतः तिथे थांबून चहा घेत. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३मध्ये सर्व हिंदूंना खुले असे उपाहारगृह सुरू करविले. अनंत हरी गद्रे यांनी तर झुणका-भाकरीलाच प्रसादाच्या पदाला नेऊन सहभोजनाची चळवळ चालविली. (पुढे १९९५ साली राज्य शासनाच्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांनी त्याच जोडगोळीचे नाव घेतले, पण तेव्हा गद्र्यांची आठवण कितीजणांना झाली असेल, शंकाच आहे.) या तिन्ही प्रयत्नांचे राजकारण परस्परांहून फार भिन्न होते. समान धागा एवढाच की माणसे कोठे बसून खातात यावरून समाज ओळखता येतो, अशी तिन्हींची खात्री होती. वर्धा या मालिकेत बसते, पण आडवळणाने.

वर्धा हे जुने गाव नव्हे. जिल्हा १८६२ साली नागपूरमधून वेगळा काढला, तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६च्या सुमारास पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे नवे शहर वसविण्यात आले आणि नदीचे नाव त्याला मिळाले. लगोलग, १८६७मध्ये, मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापसाचा व्यापार, जिनिंगचे कारखाने, हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्या, मारवाडी-गुजराती पेढ्या, रेल्वेचे नोकर, कचेरीतले कारकून असे हे मिश्र गाव. ज्या शहराला पेठा नाहीत त्याला जुनी खाऊगल्लीही नसते. पुण्यातल्या किंवा गिरगावातल्या खाणावळींना ज्या प्रकारचे साहित्यिक वलय लाभले, तसे वर्ध्यातल्या एकाही खाणावळीला लाभले नाही, याचे एक कारण हे. इथला माणूस घरी जेवत असे किंवा पाहुणा म्हणून जेवत असे. आखणीच्या त्या काळाची खूण म्हणून इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा ‘बॅचलर रोड’ अजून आहे. तो अविवाहित तरुणांसाठी केलेला रस्ता आहे, असा आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा दर वर्षी नव्याने समज होतो, आणि संध्याकाळची तिथली गर्दी पाहता तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

पाहुणा म्हणून जेवण्याचे वर्ध्यातले सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे बजाजवाडी. जमनालाल बजाज यांच्यामुळे १९२०नंतर वर्धा राष्ट्रीय राजकारणाच्या नकाशावर आले. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा इथल्या आश्रमाची जबाबदारी घेऊन आले. जुलै १९२८मध्ये जमनालालजींनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले; देशात असे करणाऱ्या पहिल्या मोठ्या मंदिरांत त्याची गणना होते. पुढे काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला होऊ लागल्या. ‘छोडो भारत’चा मूळ ठराव १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच झाला. देशभरचे पुढारी, खान अब्दुल गफारखानांपासून राजाजींपर्यंत, या गावी उतरत आणि बजाजांच्या अतिथिगृहात जेवत. आजच्या वर्तमानपत्री भाषेत ज्याला ‘चलती असलेला परिसर’ म्हणतात, तशी १९३५ ते १९४२ या काळात बजाजवाडी-मगनवाडी-सेवाग्राम या टापूची स्थिती होती. फक्त इथली चलती मिताहाराची होती. देशातल्या सुशिक्षितांनी काय खावे याचे फर्मान इथून सुटत होते.

ते फर्मान मगनवाडीत तयार झाले. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची वर्ध्यात स्थापना झाली. जमनालालजींनी आपली बाग आणि इमारती त्यासाठी दिल्या. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस. गांधीजी १९३५च्या आरंभापासून तिथेच राहू लागले आणि संघाच्या रसोड्याची प्रयोगशाळा झाली. गिरणीत सडलेला पांढरा तांदूळ नको, हातसडीचा हवा. गिरणीचे पीठ नको, जात्यावरचे हवे. साखर नको, गूळ हवा. तेल घाणीचे हवे. ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या अंकांत पालेभाज्या कच्च्या खाण्याबद्दल, गुळाबद्दल, तांदळाच्या कोंड्याबद्दल लेख आहेत. कडुनिंबाचा पाला ताटात आला. सोयाबीनही आले, ते तेव्हा इथे अपरिचित धान्य होते आणि ते शिजवावे कसे, किती खावे, याचे प्रयोग मगनवाडीकरांवर झाले. भांडी घासण्याची पाळी सर्वांना होती. ती गांधीजींनाही चुकली नाही.

या प्रयोगांची थट्टा त्या काळीही पुष्कळ झाली आणि ती करणे सोपेच आहे. परंतु त्यांच्यामागचा हिशेब थट्टेचा नव्हता. तांदूळ गिरणीत गेला की त्याचा पोषक थर जातो आणि त्याबरोबर गावातल्या सडणाऱ्या-कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते, हे कुमारप्पांचे अर्थशास्त्र होते. ताट ही ग्रामोद्योगाची शेवटची पायरी. ताटातला पदार्थ बदलला तरच घाणी, जाते आणि उखळ टिकणार. म्हणून मगनवाडीचा स्वयंपाक म्हणजे निव्वळ वैराग्य नव्हते. तो बाजाराला दिलेला एक जबाब होता, आणि तो बेचव निघाला हा त्याचा दोष आम्ही मान्य करूनही त्याला क्षुल्लक मानायला तयार नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून काही मैलांवरच्या सेगावला राहायला गेले. मध्य रेल्वेवरच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्यामुळे १९४०मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. इथल्या सामुदायिक रसोड्यात मगनवाडीचे प्रयोग नियमांत रूपांतरित झाले. भाजी उकडलेली, मसाला नाही, जेवणाच्या वेळा घड्याळाच्या. याला तात्त्विक आधार होता तो एकादश व्रतांतल्या अस्वादाचा. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी या व्रताचे विवरण केले आहे. ती पत्रे ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांची भूमिका थोडक्यात अशी की अन्न हे औषधासारखे, शरीराला लागेल तेवढे आणि लागेल म्हणून घ्यावे. जिभेला बरे वाटते हे ते घेण्याचे कारण असू नये. ब्रह्मचर्याचे व्रत कठीण जाते त्याचे मूळ जिभेत आहे, असेही ते मानीत.

१९४२च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिला. त्याने त्या भोजनगृहाचे केलेले वर्णन बारकाव्यांनी भरलेले आहे आणि आमच्या मते आश्रमावरच्या अनेक भक्तिपूर्ण पुस्तकांपेक्षा ते अधिक उपयोगी आहे. दोन-तीन दिवस तीच शिजवून घोटलेली भाजी पुढे आल्यावर फिशरने ती नाकारली. गांधीजींनी त्यावर सांगितले की भरपूर मीठ आणि लिंबू घालून खा. म्हणजे चव मारून टाकू म्हणता, असे फिशरने विचारताच, मारायची नाही, वाढवायची, असे उत्तर आले; आणि तुम्ही इतके अहिंसक की चवसुद्धा मारणार नाही, असे फिशर म्हणाला. आम्ही हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण त्यात एक गोष्ट निसटू नये : अस्वादाच्या प्रणेत्याने मीठ-लिंबाची सूचना केली आहे. पाहुण्यासाठी व्रताला मुरड घालण्याची वर्ध्याची रीत तेव्हापासूनची दिसते.

सेवाग्रामच्या या व्रताचे साहित्याशी नाते कसे होते, हा एक स्वतंत्र विषय आहे. १९६९ साली वर्ध्याला साहित्य संमेलन झाले तेव्हा अध्यक्ष होते पु. शि. रेगे. मराठीतल्या सर्वांत इंद्रियनिष्ठ कवींपैकी एकाला गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी अस्वादाच्या गावी अध्यक्ष करण्यात योजकांचा काही मिस्किल हेतू असेल असे आम्हांला वाटत नाही. योगायोगच असावा, पण सुंदर आहे.

आता पंक्तीकडे वळू. सेवाग्रामच्या रसोड्यात जातिभेद नव्हता. सवर्ण, दलित, मुसलमान, परदेशी, कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणारे, सर्व एकाच रसोड्याचे जेवत. गांधीजींची स्वतःची भूमिका मात्र या टप्प्याला सरळ रेषेत पोचलेली नाही. १९२०च्या आसपास ‘यंग इंडिया’त ते रोटीबंदीचे समर्थन संयमाच्या नावाने करीत होते, जरी त्यांच्या आश्रमात ती कधीच पाळली गेली नाही. १९३५च्या नोव्हेंबरात, वर्ध्याला असतानाच, त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले की जात जायलाच हवी आणि रोटी-बेटीव्यवहारावर बंधन नसावे. म्हणजे आचरण आधी आले आणि विचार नंतर. काहींना ही विसंगती वाटते. आम्हांला मात्र ती त्या काळातल्या बहुतेक सुधारकांच्या उलट दिशेची म्हणून लक्षणीय वाटते, कारण त्यांच्यात विचार पुढे आणि आचरण मागे असे.

पण याच ठिकाणी बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणग्रंथात घेतलेला आक्षेप ध्यानात घ्यावा लागतो. एकत्र जेवल्याने जात मरत नाही. अनेक जाती एकमेकींबरोबर जेवतात आणि तरीही जात शाबूत राहते, असे त्यांचे म्हणणे. सेवाग्रामच्या पंगतीला हा आक्षेप लागू पडतो का? आमच्या मते अंशतः पडतो. भोजनगृहात शेजारी बसलेला दलित माणूस कुंपणाबाहेर पाचशे पावलांवर गेला की गावाच्या नियमांत जात असे. सेगावात दलितांची वस्ती मोठी होती आणि त्यांच्या घरात चव ही सोडण्याची चीज नव्हती, कारण ती मुळात हातात आलेलीच नव्हती. तिखट आणि भाकर एवढेच ज्याचे जेवण, त्याच्या तिखटाला चैन म्हणता येत नाही. अस्वाद हे व्रत घेण्यासाठी आधी स्वादाची ऐपत असावी लागते, ही गोष्ट आश्रमाच्या पत्रव्यवहारातून फारशी उमटत नाही.

आणि आता गोरसपाक. १९४१मध्ये जमनालालजींनी राजकारणातून अंग काढून घेऊन गोसेवा संघाचे काम हाती घेतले. वर्ध्याजवळ गोपुरी वसली, तिथल्या झोपडीत ते राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संघाची धुरा जानकीदेवींनी वाहिली. संघाच्या सदस्यांनी गाईचेच दूध-तूप वापरावे आणि मेलेल्याच जनावराचे कातडे वापरावे, असा नियम होता. या नियमात एक व्यावहारिक अडचण दडलेली होती. म्हशीचे दूध अधिक स्निग्ध, म्हणून बाजारात त्याला भाव. गाईचे दूध पातळ म्हणून गवळी गाय पोसेना. गाय वाचवायची तर तिच्या दुधाला गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाइकाला ते गाईचेच आहे याची हमी हवी. वर्ध्याचे गोरस भांडार या गरजेतून उभे राहिले. गाईच्या तुपाचा, पिशवीत बांधून परगावी नेता येईल असा टिकाऊ पदार्थ म्हणजे गोरसपाक. नाव ऐकून म्हैसूरपाकासारखी वडी डोळ्यांपुढे येते. असते ती नानकटाईच्या कुळातली, भाजलेली, खुसखुशीत, जिभेवर ठेवताच विरघळणारी चीज. दुधाला हक्काचे गिऱ्हाईक मिळावे यासाठीच हा पाक जन्मला असावा असा आमचा तर्क आहे. गाईच्या रक्षणाचा भार जिभेवर टाकण्याची ही युक्ती अस्वादव्रताच्या गावातच सुचावी! शिवाय या सगळ्याचे प्रेरणास्थान असलेले गांधीजी १९१९पासून दूध घेत ते शेळीचे.

‘गोरस’ हा शब्दही साधा नाही. गौळणींनी डोक्यावर घेऊन मथुरेच्या बाजारी नेलेला तो गोरस. एकनाथांपासून तमाशातल्या गवळणीपर्यंत हा शब्द मराठीत शृंगाराची आणि भक्तीची अशी दोन्ही अंगे मिरवीत आला. तो दुकानाच्या पाटीवर आला तो वर्ध्याला. इथे त्याला खरी गवळ्यांची पार्श्वभूमी होती. आर्वी-कारंजाकडचा भाग हा गवळाऊ गाईंचा प्रदेश. अंगाने पांढरी, चपळ, शेतीच्या बैलांसाठी नावाजलेली ही जात. तिला राखणारे नंदगवळी आपले नाते थेट नंदाच्या गोकुळाशी सांगतात. गौळणीचे काव्य शिकविताना आम्ही हा भूगोल सांगतो, कारण आमचे काही विद्यार्थी याच घरांतून आलेले असतात आणि मथुरेच्या बाजाराइतकाच आर्वीचा बाजार त्यांना ठाऊक असतो.

पण गोरसाचे दुकान म्हणजे गोसेवेचे एक टोक झाले. दुसरे टोक नालवाडीला होते. विनोबा १९३२च्या अखेरीस या दलित वस्तीत राहायला गेले. तिथेच गोपाळराव वाळुंजकर यांनी मृत जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालविले. सवर्ण कार्यकर्त्यांनी ढोर ओढावे, सोलावे, कातडे कमवावे, हा या प्रयोगाचा धाडसी भाग. परंतु १९२७च्या महाडनंतर बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेले जनावर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका, असे निक्षून सांगितले होते. एकीकडे जे काम प्रायश्चित्त म्हणून उच्चवर्णीय उचलत होते, तेच काम दुसरीकडे माणुसकीची अट म्हणून दलित टाकून देत होते. दोन्ही कृती प्रामाणिक होत्या. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. गोरस भांडाराच्या गल्ल्यावर उभे राहिले की हे दुसरे टोक दिसत नाही, आणि वर्ध्याचा खाद्येतिहास लिहिताना नेमके तेच सुटण्याचा धोका असतो.

आजच्या गावाविषयी थोडे. सकाळी चौकाचौकांतल्या गाड्यांवर तर्री-पोहे मिळतात. हरभऱ्याची लाल तर्री पोह्यांवर ओतून घेणारा माणूस अस्वादव्रताच्या सर्वांत दूरच्या टोकाला उभा असतो. पाटवडी-रस्सा आणि हिवाळ्यातली सांभारवडी या घरच्या चिजा आता बाहेरही मिळतात. ‘सांभार’ म्हणजे इकडे कोथिंबीर, हे परगावच्या पाहुण्याला दर वेळी समजावून द्यावे लागते. आर्वी नाका आणि बॅचलर रोड यांच्या परिसरात नवी कॅफे आली आहेत. सावंगी आणि सेवाग्राम इथली वैद्यकीय महाविद्यालये, १९९७ साली स्थापन झालेले हिंदी विश्वविद्यालय, यांनी देशभरचे विद्यार्थी गावात आणले; त्यांच्या भुकेवर ही नवी वस्ती उभी आहे. जिल्ह्यात १९७०च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे आणि तिचा परिणाम खाण्याच्या जागांवर उघड दिसतो. परमिट रूमच्या आधाराने चालणारी मोठी रेस्टॉरंटे इथे उभीच राहिली नाहीत. तसला गिऱ्हाईक वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात जातो किंवा नागपूरच्या बाजूला. (बंदी पाळली जाते का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे.) त्यामुळे गावात उरली ती कुटुंबाने बसावे अशी, लवकर बंद होणारी उपाहारगृहे. आमच्या विद्यार्थिनी या एका गोष्टीबद्दल दारूबंदीला धन्यवाद देतात.

सेवाग्रामला आश्रम पाहायला गेलेल्याला जवळच ताकाबरोबर झुणका-भाकर, साधी भाजी, हातसडीचा भात असे जेवण मिळू शकते, आणि आम्ही पाहुण्यांना तिथेही नेतो. मात्र तिथल्या शेजारच्या टेबलांवरचे संभाषण ऐकण्यासारखे असते. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, नाचणी-ज्वारी, सेंद्रिय गूळ हे सारे आता महानगरांत महाग विकले जाते आणि चवीसाठीच वाखाणले जाते. कुमारप्पांनी जे मजुरीच्या हिशेबाने मांडले ते प्रकृतीच्या आणि प्रतिष्ठेच्या हिशेबाने परत आले. उखळाजवळची बाई मात्र परत आली नाही. सोयाबीनचे तर आणखी विचित्र झाले. मगनवाडीत ज्याचे दाणे मोजून वाढले गेले, ते आज जिल्ह्याच्या खरिपाचे एक मुख्य पीक आहे. शेताशेतांत आहे आणि ताटात दाण्याच्या रूपाने जवळजवळ नाही. ते तेलाच्या गिरणीत जाते, म्हणजे ज्या यंत्राला मगनवाडीचा विरोध होता नेमके त्याच्याच पोटात.

सुटलेल्या गोष्टींची यादी अजून आहे. वर्ध्याची सार्वजनिक प्रतिमा शाकाहारी आहे, आणि ती आश्रम आणि पेढ्या यांनी मिळून घडविली. पण गावात मटणाच्या खाणावळी आहेत, आठवडी बाजारात सुकट-बोंबील मिळतात, आणि पावसाळ्यात धाम नदीच्या मासळीची वाट पाहणारी घरे आहेत. पाहुण्याला सांगण्याच्या जागांत आम्हीही त्यांचे नाव सहसा घेत नाही. विनोबांच्या पवनारचा पत्ता ज्या आवाजात सांगतो त्या आवाजात तर नाहीच. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची जशी नोंद केली, तशी नोंद वर्ध्याकडच्या वस्त्यांची व्हायला हवी. तिच्यात अपमानाचा इतिहास येईल, आणि पाटोळ्यांच्या पुस्तकात आहे तशी चवीची बारीक जाणही येईल. ‘बलुतं’पासूनच्या दलित आत्मकथनांत अन्न येते ते बहुतेक भुकेच्या प्रसंगी, चवीच्या प्रसंगी ते कसे येते, याचा शोध आपल्या अभ्यासक्रमांनी घेतलेला नाही.

त्या दिशेने छोटे पाऊल म्हणून आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आपापल्या आजीकडून पदार्थांची आणि जिनसांची नावे लिहून आणायला सांगितले. वह्यांतून आलेल्या शब्दांपैकी काही असे : भेदरं, पानगे, रोडगे, मुठे, कण्या, आंबील, बोरकूट, सरगुंडे, कढीगोळे, अंबाडीची भाकर. समुद्रपूर तालुक्यातल्या एका मुलीने वायगावच्या हळदीबद्दल दोन पाने लिहिली होती. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद तिच्या घरी आई आणि आजी मिळून शिजवतात, वाळवतात, आणि त्या आठवड्यात घरात दुसरे काही शिजत नाही. एका मुलाने आजीच्या सांगण्यावरून नोंदवले आहे की तिच्या लहानपणी सेवाग्रामच्या रसोड्यातून उकडलेली भाजी घरी येई तेव्हा तिची आई तिला पुन्हा तिखटाची फोडणी घालीत असे.